होळीला न दिलेल्या काड्या

मला झाडांची आवड नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्ध्याला पिपरी मेघेच्या प्लॉटवर आम्ही घर बांधलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं, अच्युतनं, मोठ्या हौसेनं दारात पारिजातक लावला होता. रोज सकाळी त्याचा सडा झाडता झाडता माझी शाळेची पहिली घंटा चुकू लागली, तेव्हा मी तो काढून टाकायला लावला. अच्युत आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी शाळेत गणित शिकवते, आणि गणिताला पाणी घालावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. अशा बाईवर एका झाडाची गोष्ट सांगायची पाळी आली, हा सगळा शेजाराचा प्रताप.

शेजार म्हणजे बंडूजी आणि अनुसयाबाई. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत. तिच्यावरून विरजण जायचं, भाजी यायची, आणि बातम्या तर दोन्हीकडून जायच्या. बंडूजींचं देवळीला कृषी केंद्र होतं. कापसाचं बियाणं, खतं, फवारणीची औषधं. सकाळी स्कूटरनं देवळी, दिवेलागणीला परत. माणूस उंचापुरा आणि आवाज त्याहून मोठा. आवाजाला कारणही तसंच होतं. त्यांच्या आईला, रुख्मिणीआजीला, कमी ऐकू यायचं. तिच्यासाठी त्या घरात सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे आज वांग्याची भाजी आहे की तुरीच्या दाण्यांची, हे साऱ्या गल्लीला कळायचं. एकट्या अनुसयाबाई कधी ओरडल्या नाहीत. सासूशी काही बोलायचं असलं तर त्या हातातलं काम टाकून तिच्या कानाशी जात आणि हळूच सांगत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्या कोणाला काही म्हणत नसत, गुपचूप पाणी पीत. मला असल्या सोसणाऱ्या बायकांचा रागच येतो. पण अनुसयाबाईंचा नीट राग येत नसे, कारण त्या सोसताना तोंड वाकडं करत नसत. उलट मधूनच असं काही बोलून जात की ऐकणाऱ्याला हसू यायला जरा वेळ लागायचा.

शहाण्णव साली एका बियाणं कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना सपत्नीक महाबळेश्वर दाखवलं. माहेर आर्वी आणि फार तर नागपूर, याच्या पलीकडे अनुसयाबाई कधी गेल्या नव्हत्या. आता इतक्या लांब गेल्या, तर तिथं घाटात त्यांना गाडी लागली. बाकीची मंडळी पॉइंटावर घोड्यांवर बसून फोटो काढत होती तेव्हा या बाई रस्त्याकडेच्या एका नर्सरीत सावलीला बसल्या होत्या. नर्सरीवाल्यानं त्यांना पाणी दिलं आणि तोंडाची चव जावी म्हणून पानावर चार फळं ठेवली.

त्या फळांचं वर्णन मी भिंतीवरून इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते पाढ्यासारखं पाठ आहे. "मॅडम, दिसाले शहतुतासारखं, पन चांगलं लठ्ठ. रंग असा, का काळा म्हना का जांभळा म्हना. तोंडात टाकलं का आधी आंबट लागते, मंग गोड लागते, अन् मंग असा काई वास येते का मानूस डोळे मिटून घेते." एवढं सांगून त्या खरोखर डोळे मिटायच्या. दूध उतू जायला आलेलं असलं तरी मिटायच्या.

बंडूजी तिथं बायकोला शोधत आले, तर बाई म्हणाल्या, मला याचं झाड पाहिजे. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि बायकोनं तोंडानं काही मागण्याची ही पहिलीच वेळ. बंडूजी गडबडलेच. नर्सरीवाल्यानं सांगितलं, याला बॉयसनबेरी म्हणतात. रासबेरी, ब्लॅकबेरी आणि अशाच एकदोन जातींचा हा संकर आहे. संकर म्हटल्यावर बंडूजींची छाती फुगली. हायब्रीड! आयुष्य त्यांचं हायब्रीड कापूस विकण्यात गेलेलं. नर्सरीवाला पुढे सांगत होता, वेलासारख्या लांब काड्या येतात, काटे असतात, आधार द्या, फळं झाली की जुन्या काड्या बुडातून कापा. बंडूजी म्हणाले, "हे मले सांगून राह्यले का तुमी? अबे बावा, मी वर्ध्याचा मानूस हाय."

वर्ध्याचा माणूस हाय, इथंच सगळा घोटाळा झाला. पण तो कळायला फार वर्षं जायची होती.

आमच्या भागात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली झाडं, उपटून वावर साफ करायचं. शिमग्यानंतरही कोणाच्या वावरात पऱ्हाटी उभी दिसली तर लोक समजतात, हा माणूस आळशी तरी आहे किंवा घरात भांडण तरी आहे. उभ्या पऱ्हाटीत अळी राहते आणि पुढच्या हंगामाला बसते. बंडूजी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत असत. हायब्रीड म्हणजे एका हंगामाचं पीक, हंगाम झाला की जागा साफ. माझं बे दुणे चार जितकं पक्कं, तितकं त्यांचं हे.

रोप रेल्वेतून अनुसयाबाईंच्या मांडीवर बसून आलं, ओल्या टॉवेलात गुंडाळून. दारातच रुख्मिणीआजीनं आवाज दिला, "काऊन वं, हे काटे काऊन आनले? गावात बाभळी कमी पडल्या का?"

आजीच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून कूलर बसवलेला होता. तिथं भिंतीची सावली होती आणि कूलरच्या टाकीचं पाणी ठिबकून जमीन ओली राहत असे. अनुसयाबाईंनी जागा निवडली ती हीच. त्या वर्षी मे महिना असा तापला की माणसं दुपारी दारं लावून मुडद्यासारखी पडून राहत. रोपाची पानं करपली, काडी सुतळीसारखी झाली. मी मनात म्हटलं, गेलं. पण अनुसयाबाईंनी टाकीला एक चिंधी अशी बांधली की सगळं ठिबकणारं पाणी तिच्यावरून थेट मुळाशी उतरावं. आजीला कूलरची हवा कमी आणि झाडाला जास्त, असं बंडूजी म्हणत. कूलरच्या घरघरीनं त्या घरात कोणाला झोप येत नसे. आजीला तेवढी मस्त लागायची.

पाऊस पडला आणि त्या सुतळीच्या बुडातून हिरवेगार कोंब निघाले. दिवाळीपर्यंत काड्या भिंतीवर चढल्या आणि भिंत ओलांडून माझ्या अंगणात उतरल्या. माझी एक चांगली साडी फाटली. मी भांडले. भांडणाचा उपयोग एवढाच झाला की बंडूजींनी रविवारी बांबू रोवले, तारा ताणल्या आणि सगळ्या काड्या आपल्या बाजूला वळवून सुंदर बांधून घेतल्या. तो माणूस बायकोशी गोड बोलायचा नाही, पण तारा ताणायचा. हाताला काटे लागून रक्त निघालं की अनुसयाबाई हळद आणून लावत आणि तो "राहू दे वं" म्हणत हात पुढेच करी.

आणि मग शिमगा आला. होळीच्या आदल्या दिवशी बंडूजींनी विळा पाजवला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि झाड जमिनीपासून चार बोटांवर साफ कापून टाकलं. एक काडी शिल्लक ठेवली नाही. काट्यांचा तो भारा होळीच्या पोरांना दिला. वर कापलेली जागा त्यांनी मला कौतुकानं दाखवली. "पाहा मॅडम, काम कसं. अळीले बसाले जागा नाई. आता फुटवा असा येईन का पाहत राहाल."

फुटवा खरंच यायचा. दरवर्षी यायचा. शेणखत, सरकीची ढेप, उन्हाळ्यात मुळाशी तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुश्शाचा, थर, अशी त्या झाडाची बडदास्त होती. एकदा बंडूजी फवाऱ्याचा पंप पाठीला लावून बोंडअळीचं औषध मारायला आले, तेव्हा अनुसयाबाई दोन्ही हात पसरून झाडापुढे उभ्या राहिल्या. "मारायचंच असन तर आधी माह्यावर मारा." पंप परत गेला. पण विळा दरवर्षी आला, आणि त्याला कोणी अडवलं नाही. जो माणूस आपल्यासाठी मन लावून काही करतो आहे, त्याला अडवायचं कसं?

फळ मात्र नाही. फूलही नाही. पोटभर पानं आणि पोतंभर काटे. अच्युत दर उन्हाळ्यात भिंतीवरून विचारी, "अनुसयाबाई, यंदा तरी?" त्या म्हणत, "येतीन." माझ्या शाळेतल्या बायका, पलीकडचे बाबाराव, दूधवाला, सगळ्यांनी विचारून झालं. उत्तर तेच. "येतीन." त्यांच्या मुलाला, नीलेशला, मित्र चिडवू लागले तेव्हा तो म्हणाला, "आई, काढून टाक ना ते." त्यालाही तेच उत्तर.

एका दुपारी रुख्मिणीआजी खिडकीतून बाहेर बघता बघता गरजली, "वांझ झाड हाय थे! किती पानी पाजून राह्यली त्याले? उपटून फेक!"

गल्लीत ऐकू गेलं. मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते. अनुसयाबाई झाडापाशीच होत्या. त्या सासूच्या कानाशी गेल्या नाहीत. तिथूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, झाडाले तो शब्द म्हनू नका."

आजीला तो आवाज ओळखूच आला नसावा. ती बराच वेळ "कोन? कोन बोललं?" करत राहिली.

संध्याकाळी अनुसयाबाईंनी मला सांगितलं. नीलेश लग्नानंतर नऊ वर्षांनी झाला. त्या नऊ वर्षांत हा शब्द त्यांनी या घरात रोज ऐकला होता. पाण्याला गेल्या तरी ऐकला, हळदीकुंकवाला न बोलावून लोकांनी न बोलताही ऐकवला. उपास झाले, नागपूरचे डॉक्टर झाले. तपासलं ते एकट्या त्यांनाच. मी विचारलं, "आणि बंडूजी?"

"ते काईच नाई बोलले कधी," त्या म्हणाल्या. "माय बोलाले लागली का ते टोपी घालत अन् दुकानात जात." उठता उठता म्हणाल्या, "काईच नाई बोलले, हेच तर."

मला त्या दिवशी बंडूजींचा असा संताप आला की दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून संत्री दिली ती मी घेतली, पण हसले नाही.

रुख्मिणीआजी पुढे दोन हजार एक साली गेली. शेवटचे सहा महिने अंथरुणावर होती. अनुसयाबाईंनी तिचं सगळं केलं, आणि आजीला शेवटी शेवटी दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणीही चालत नसे. मीही खोटं का बोलू, म्हातारी तोंडानं आग असली तरी तिच्या हातची कोथिंबिरीची सांभारवडी मी जन्मात विसरणार नाही. समोरच्या खोलीत तिचा मोठा फोटो लागला, चंदनाचा हार घालून. फोटोतही ती "काय म्हनलं?" असं विचारल्यासारखीच बघते.

नीलेश आता बापाबरोबर दुकान बघत होता. दोन हजार सहाच्या सुरुवातीला त्यानं एक जुनी पण चकचकीत मोटार घेतली. आता मोटार म्हटली की शेड आली, शेड म्हटली की सिमेंट आलं, आणि सगळ्या आवारात मोटार वळेल अशी जागा एकच, झाडाची. घरात ओरडाआरडा झाला, त्यामुळे मला निकाल तिथल्या तिथे कळला. बंडूजींनी न्याय दिला, "या उन्हाळ्यात फळ आलं तर झाड राहीन. नाई आलं तर सिमेंट. बस."

अनुसयाबाई "बरं" म्हणाल्या. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या मोरीत भांडी वाजत होती, एवढंच.

माघात बंडूजी स्कूटरवरून देवळीहून येत असताना सावंगीच्या वळणावर डुक्कर आडवं आलं. मांडीचं हाड मोडलं. सेवाग्रामला ऑपरेशन करून आत सळई टाकली. हाड जुळायला लागलं, पण अंगात साखर, त्यामुळे जखम चिघळली आणि ताप उतरेना. अनुसयाबाई दवाखान्यातच राहू लागल्या. जाताना भिंतीवरून म्हणाल्या, "मॅडम, झाडाले पानी घालजो." सगळी गल्ली सोडून नेमकं मला! मी रोज संध्याकाळी बादली घेऊन जायची आणि त्या काट्यांना शिव्या देत पाणी घालायची. पण एक दिवसही चुकवला नाही, हे माझ्या नावावर लिहून ठेवा.

होळीच्या दिवशी अनुसयाबाई अंघोळीला आणि धुतलेले कपडे न्यायला घरी आल्या. डोळे खोल गेलेले, केस तसेच बांधलेले. ताप अजून होताच. आदल्या दिवशी डॉक्टरांनी नीलेशला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं आणि आईनं विचारलं नव्हतं. एवढ्यात गल्लीतली पोरं काड्या मागायला आली. नेहमीची वहिवाट होती ती.

नीलेश म्हणाला, "आई, देऊन टाकू. मिस्तरीले पन बोलावतो. सिमेंट झालं तर बाबाइले वॉकर घेऊन चालाले बरं पडीन. त्याइच्यासाठीच म्हनून राह्यलो मी."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. मीसुद्धा मान डोलावली.

अनुसयाबाई झाडाच्या आणि पोरांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "काड्या कापनं हे त्याइचं काम हाय. ते येतीन अन् ते कापतीन."

"अवं आई, बाबा आता कुठं विळा धरतीन?"

"धरतीन. मी ह्या दुसऱ्याले कापू देल्ल्या, म्हंजे ते येतच नाई असं मीच म्हनल्यासारखं होईन. मी नाई म्हनत तसं. जा रे पोरांनो, पुढच्या घरी जा."

पोरं गेली. नीलेश तोंड फिरवून मोटार पुसू लागला, ती स्वच्छच होती. मी घरात जाऊन रडले. मला रडायला येतं याचं अच्युतला फार आश्चर्य वाटलं.

त्या वर्षी आमच्या गल्लीची होळी जरा लहान पेटली. आणि होळीनंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी बंडूजींचा ताप उतरला. मी देवभोळी नाही. औषध बदललं होतं, त्याचा तो गुण. अनुसयाबाईंचं मत विचारण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

पाडव्याच्या दिवशी बंडूजी घरी आले. वॉकरवर ठक ठक करत, घामाघूम होत, आधी कुठं गेले असतील तर अंगणाच्या त्या कोपऱ्यात. मी श्रीखंडाचं भांडं घेऊन भिंतीशी उभी होते. अर्धे झालेले बंडूजी, पण आवाज जसाच्या तसा.

"हे काय! पाडवा आला अन् पऱ्हाटी उभी? लोक काय म्हनतीन? कृषी केंद्रवाल्याच्या घरी पऱ्हाटी उभी! नीलेश! अबे तुले हात नाई का?"

नीलेशनं आईकडे बोट दाखवलं.

"तुमच्यासाठी ठेवली," अनुसयाबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी विळा आणला. त्या दवाखान्यात असताना कोणीतरी तो पाजवून ठेवला होता. मला वाटतं नीलेशनंच. त्यांनी खुर्ची मांडली, नवऱ्याला बसवलं आणि विळा त्याच्या हातात दिला. मग त्यांनी खुर्चीतूनच वाकून एक काडी धरली आणि कापली. काप सरळ बसला.

अनुसयाबाईंनी ती काडी उचलली, बाजूला टाकायला म्हणून. आणि टाकलीच नाही. डोळ्यांजवळ नेली.

"अवो, थांबा."

काडीच्या प्रत्येक पेरावरून बोटभर फुटवा निघाला होता आणि त्याच्या टोकाला हिरव्या कळ्यांचे घोस होते. एक कळी उघडलीही होती. पांढरी, पाच पाकळ्यांची, साधी. आम्ही सगळे झाडाकडे बघू लागलो, तर जिकडे तिकडे कळ्या. मी महिनाभर रोज पाणी घातलं आणि मला त्या दिसल्या नाहीत. माझं सगळं लक्ष पदर काट्यात अडकू नये याकडे.

बंडूजींनी विळा जमिनीवर ठेवला. मग वाकून अजून लांब सरकवला.

पुढचा महिना आमच्या दोन्ही घरांनी दुसरं काही केलं असेल तर मला आठवत नाही. कूलर वेळेआधी सुरू झाला. फुलं गळून हिरव्या गाठी धरल्या. बुलबुलांनी बातमी काढली तेव्हा अनुसयाबाईंनी स्वतःच्या खाटेची मच्छरदाणी झाडावर घातली आणि स्वतः डासांत झोपल्या. नीलेशनं मिस्तरीला आपणहून नको सांगितलं, मोटार रस्त्यावर उभी केली, आणि जो कोणी येईल त्याला मच्छरदाणी उचलून गाठी दाखवू लागला. अच्युत रोज विचारी, "लाल झाली का?" झाली. मग लालाची काळसर जांभळी होऊ लागली.

बंडूजींना फार चालायला बंदी, म्हणून ते दिवसभर झाडासमोर खुर्ची टाकून बसत. एवढा मोठा व्यापारी माणूस जन्मात पहिल्यांदा एका झाडाकडे नुसता बघत बसला होता. एक दिवस सकाळी त्यांनी हाक मारली, "मॅडम, इकडं या जरा." आवाज हळू होता, म्हणून मी घाबरून गेले.

"हे पाहा," ते काठीनं दाखवत म्हणाले. "ह्या काड्या मागच्या सालच्या. फळ हाय ते सगळं ह्याइच्यावर. अन् ह्या हिरव्या, औंदा बुडातून निघाल्या. ह्याइच्यावर एक फूल नाई. म्हंजे काडी पहिल्या साली नुसती वाढते अन् दुसऱ्या साली फळते. फळली का मंग तिचं काम संपलं, मंग ती कापाची. तो नर्सरीवाला हेच सांगत होता. फळं झाली का जुन्या कापा म्हने. अन् मी?" त्यांनी काठी खाली ठेवली. "मी एका काडीले दुसरं साल पाहूच देल्लं नाई. दरवर्सी सोताच्या हातानं. विळा पाजवून."

हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

अनुसयाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मच्छरदाणीखाली वाकल्या आणि त्या दिवशीची पिकलेली फळं वाटीत काढली. वाटी काही भरली नाही. एक फळ त्यांनी तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"आंबट हाय," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "तिथल्यापेक्षा आंबट हाय." मग बऱ्याच वेळानं, "पन वास तोच हाय." आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तोंड मात्र हसत होतं.

बंडूजी खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होते. "अनुसया," ते म्हणाले, "झाडाचा काईच दोष नव्हता वं. इतके वर्सं लोक त्याले नावं ठेवत राह्यले, अन् दोष माहा होता. झाड चांगलंच होतं."

अनुसयाबाईंनी डोळे उघडले. पदरानं पुसले. आणि अगदी नेहमीच्या, हळू आवाजात म्हणाल्या, "येवढंच तवा तुमच्या मायसमोर बोलले असते."

मी घरी जावं की थांबावं, मला कळेना. मग कळलं तरी मी थांबलेच. बंडूजींनी मान खाली घातली. टोपी जवळ नव्हती, आणि दुकानात जायला पायही नव्हते. मग त्यांनी हात लांब करून वाटीतलं एक फळ घेतलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं, वॉकर ओढला आणि उठले. नीलेश धरायला धावला, त्याला त्यांनी नको म्हटलं.

ठक, ठक, ठक. अंगणातून ओसरी, ओसरीतून समोरची खोली. दार उघडं होतं, आम्हाला बाहेरून दिसत होतं. ते आईच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. खिशातलं फळ काढून फोटोखालच्या फळीवर ठेवलं. मग घसा खाकरला.

"माय," ते म्हणाले. "अनुसयाचा काई दोष नव्हता. मी तवा बोलाले पायजे होतं."

अनुसयाबाई वाटी हातात धरून अंगणात उभ्या होत्या. त्यांनी दुसरं फळ तोंडात टाकलं आणि आतल्या बाजूला वळून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज दिला.

"मोठ्यानं बोला! त्याइले कमी ऐकू येते."